आठवणीचे औषध

कोकणात काजऱ्याचे झाड ओळखीत नाही असा मनुष्य विरळाच. पिकल्यावर नारिंगी होणारी लोभस फळे, आत बटणासारख्या चपट्या, रेशमी लव असलेल्या करड्या बिया, आणि त्यांच्यासोबत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली वडीलधाऱ्यांची ताकीद : तोंडात घालू नका. वैद्य या बियांना कुचला म्हणतात व दूध-तुपाचे संस्कार करून शुद्ध केल्यावाचून त्या औषधात वापरीत नाहीत. या बियांतील विषाचे नाव स्ट्रिक्नीन. ते प्रथम वेगळे काढण्यात आले १८१८ साली, पॅरिस येथे. पेल्तिये आणि काव्हांतू या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यासाठी काजऱ्याच्याच कुळातील, फिलिपाइन्समध्ये होणाऱ्या एका वेलीच्या बिया घेतल्या होत्या. त्या बियांना युरोपात ‘संत इग्नेशियसच्या बिया’ म्हणत असत. मनिला येथे औषधालय सांभाळणारे येशूसंघीय ब्रदर गेओर्ग योझेफ कामेल यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे वर्णन युरोपात धाडले होते. संताचे नाव विषाला चिकटावे याची गंमत वाटते खरी. परंतु येशूसंघीयांनी औषधी वनस्पतींचा जो अभ्यास केला, त्याचीच ती खूण आहे.

हे विष उंदीर मारण्यासाठी जगभर वापरले गेले. भटक्या कुत्र्यांना कुचला घालीत, हेही आमच्या पिढीने ऐकले आहे. अशा विषाने उंदराची बुद्धी तल्लख होते असे कोणी सांगितले, तर ऐकणारा सांगणाऱ्याच्याच बुद्धीविषयी शंका घेईल. तरीही १९१७ साली कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमके हेच नोंदवून ठेवले. उंदरांना वेड्यावाकड्या वाटांच्या चक्रव्यूहातून मार्ग काढावयास शिकविताना त्याने काहींना स्ट्रिक्नीनची अगदी अल्प मात्रा दिली, आणि ते उंदीर इतरांपेक्षा लवकर शिकले. कॉफीतील कॅफीन दिलेले उंदीर मात्र मागे पडले. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉफीचे पेले रिचविणाऱ्या आमच्या तरुणांना हे वाचून दाखवावे असा मोह होतो. परंतु उंदरावरून माणसावर उडी घेण्याची घाई किती महागात पडते, तेच पुढे सांगावयाचे असल्याने तो आवरतो.

धर्मगुरूला या विषयात पडण्याचे कारण काय, असे वाचकांपैकी कोणी विचारील. कारण घडले ते असे. आम्ही पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एक मुलगी फार्मसीचे उच्च शिक्षण घेत आहे. एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात ती आमच्याजवळ येऊन उभी राहिली. (हे बोलणे पापनिवेदनातील नव्हे, आणि येथे लिहिण्यास तिची संमती आहे, हे आधीच सांगून ठेवतो.) ती म्हणाली, “फादर, मी आठवड्याला वीस-पंचवीस उंदीर मारते. रात्री मला झोप लागते. त्याचंच मला वाईट वाटतं.”

“कशासाठी मारतेस?”

“स्मरणशक्तीच्या औषधासाठी. औषध देऊन त्यांची परीक्षा घ्यायची, मग मेंदू काढून त्यातली रसायनं मोजायची. ते जिवंत ठेवून होत नाही. हे पाप आहे का, फादर?”

आम्ही तिला त्या दिवशी उत्तर दिले नाही. जे आपणांस ठाऊक नाही त्याविषयी निवाडा देऊ नये, एवढे तरी सेमिनरीने आम्हांला शिकविले आहे. पुढे वर्षभर ती आम्हांला वाचावयास देत गेली आणि आम्ही वाचीत गेलो. मराठीत आपण ‘उंदीर’ या एकाच शब्दात सर्वांना गुंडाळतो. प्रयोगशाळेत थोराड तो रॅट आणि चिमुकला तो माऊस, हा भेद तिने पहिल्याच भेटीत पक्का करून घेतला.

लॅशलीच्या प्रयोगात एक अडचण होती. औषध आधी देऊन नंतर शिकविले आणि उंदीर लवकर शिकला, तर त्याची स्मृती सुधारली असे कशावरून म्हणावे? कदाचित तो अधिक सावध झाला असेल, अधिक भुकेला झाला असेल, किंवा नुसताच जोरात धावला असेल. ही गाठ सोडविली जेम्स मॅगॉ यांनी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विद्यार्थी होते. त्यांनी क्रम उलटा केला : उंदराला आधी शिकवावयाचे आणि शिकवून झाल्यावर सुई टोचावयाची. दुसऱ्या दिवशी परीक्षा होते तेव्हा औषधाचा अंमल उतरलेला असतो. तरीही ज्याला शिकल्याबरोबर औषध मिळाले त्याला धडा अधिक चांगला आठवतो, आणि तेच औषध काही तासांनी दिले तर फरक पडत नाही.

यातून निघणारा अर्थ मोठा आहे. जर्मनीत ग्योटिंगेन येथे म्युलर आणि पिल्झेकर या दोघांनी १९०० सालीच सुचविले होते की, आठवण ही जन्मतःच पक्की नसते, तिला घट्ट होण्यास वेळ लागतो. माणसांना निरर्थक अक्षरे पाठ करावयास लावून, लगेच दुसरी अक्षरे पाठ करण्यास दिली, तर पहिली पुसट होतात, असे त्यांना आढळले होते. नुकतेच सारवलेले अंगण ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. ओल्यावर कोंबडी चालून गेली तरी तिची नखे उमटतात. वाळल्यावर गाय गेली तरी काही होत नाही. मॅगॉ यांचे औषध त्या ओल्या वेळात काम करीत होते. पुढे १९७५ साली गोल्ड आणि व्हॅन बस्कर्क यांनी दाखविले की, यासाठी बाहेरचे विषही लागत नाही. भय वाटले की आपल्याच शरीरात जे ॲड्रेनलिन स्रवते, ते शिकल्यानंतर बेताने टोचले तरी उंदराची आठवण पक्की होते. प्रमाण फार वाढविले तर ती बिघडते. भीतीचे प्रसंग आपल्याला जन्मभर का आठवतात, त्याचे उत्तर येथे सापडते.

हे सर्व वाचताना आम्हांला मौज वाटली, हे नाकारीत नाही. परंतु उंदराची ‘आठवण’ मोजतात कशी, हे कळले तेव्हा मन जरा थबकले. एक पद्धत अशी : पेटीचे दोन कप्पे असतात, एक उजेडाचा, एक अंधाराचा. उंदराला अंधार प्रिय. तो आत शिरला की पायाखालच्या गजांतून त्याला विजेचा धक्का देतात. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात ठेवतात आणि घड्याळ लावून पाहतात. तो जितका वेळ अंधारात जाण्याचे टाळील तितकी त्याची स्मरणशक्ती चांगली. दुसरी पद्धत रिचर्ड मॉरिस यांनी स्कॉटलंडमध्ये काढली आणि १९८१ साली प्रसिद्ध केली. गोल हौदात दुधाने गढूळ केलेले पाणी, आणि पाण्याच्या पातळीखाली, दिसणार नाही असा एक छोटा चौथरा. उंदीर चांगला पोहतो, पण पाणी त्याला नकोसे असते. पोहता पोहता त्याला चौथरा सापडतो, आणि भिंतीवरच्या खुणा ध्यानात ठेवून दिवसागणिक तो तेथे लवकर पोहोचू लागतो. सर्वच कसोट्या अशा असतात असे नाही. खाद्य शोधण्याच्या आणि नवी वस्तू हुंगण्याच्या निरुपद्रवी कसोट्याही आहेत. तरी ज्या कसोट्यांवर या शास्त्राची उभारणी झाली, त्यांतील बऱ्याच भयाच्या किंवा सुटकेच्या आहेत. उंदराला अधिक चांगले आठवले, याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की, त्याला अधिक चांगले भय वाटले.

येथे आम्हांला तत्त्वज्ञानाचे जुने धडे आठवले. प्राण्यांना स्मृती असते हे मानण्यात आपल्या परंपरेला कधी संकोच वाटला नाही. पशुपक्ष्यांना स्मृती नसती तर त्यांना आपली बिळे आणि घरटी पुन्हा सापडली नसती, असा विचार संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात मांडला आहे. ॲरिस्टॉटलने मात्र एक भेद केला आणि संत थॉमस यांनी तो उचलून धरला : घडलेले मनात राहणे ही स्मृती, ती प्राण्यांतही आहे, पण हरवलेले हेतुपूर्वक शोधणे, एका आठवणीचे बोट धरून दुसरीपर्यंत जाणे, हे माणसाचेच. आजचे शास्त्रज्ञ ही रेघ इतक्या ठामपणे ओढणार नाहीत. तरीसुद्धा, पेटीच्या उंबऱ्यावर थांबलेल्या उंदराला जे औषध उपयोगी पडते तेच औषध आजीला नातवाचे नाव शोधण्यास उपयोगी पडेल असे मानणे, म्हणजे मधला केवढा जिना गाळणे आहे, हे त्या जुन्या भेदामुळे आम्हांला स्पष्ट दिसले.

त्या जिन्यावरून घसरलेल्यांची यादी लांबलचक आहे. १९६६ साली पेमोलीन आणि मॅग्नेशियमच्या मिश्रणाने रॅट लवकर शिकतात अशी बातमी आली आणि आठवणीची गोळी सापडल्याचा गाजावाजा झाला. माणसांत ती आशा फोल ठरली. पुढे पेमोलीन चंचल मुलांसाठी वापरले गेले आणि यकृताला होणाऱ्या अपायामुळे २००५ साली ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. पिरॅसिटामचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. ते १९६४ साली बेल्जियममध्ये तयार झाले. त्याचे जनक कोर्नेल्यू जुर्जिया हे मूळचे रुमानियाचे. त्यांनी १९७२ साली अशा औषधांसाठी ग्रीक धातूंवरून ‘नूट्रोपिक’ हा नवा शब्दच घडविला. उत्क्रांतीने अधिक चांगला मेंदू देईपर्यंत माणसाने हातावर हात ठेवून बसू नये, असा त्यांचा एकंदर विचार होता. प्राण्यांवरील प्रयोगांत पिरॅसिटामने आशा दाखविली. परंतु वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावर त्याचा भरवशाचा उपयोग काही सिद्ध झाला नाही. शब्द तेवढा टिकला आणि आज तो नाना चूर्णांच्या आणि गोळ्यांच्या डब्यांवर मिरवतो.

१९९९ साली प्रिन्स्टन येथे जो त्झिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाऐवजी जनुकालाच हात घातला. मेंदूतील पेशींचे परस्परांशी नाते जुळविणारे एक प्रथिन त्यांनी माऊसमध्ये वाढविले, आणि ते माऊस जवळजवळ प्रत्येक कसोटीत आपल्या भावंडांहून हुशार ठरले. दूरदर्शन मालिकेतील एका बालडॉक्टरच्या नावावरून त्यांना ‘डूगी’ असे नाव मिळाले. वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. दोनच वर्षांनी, २००१ साली, मिन झुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच माऊसवर वेगळे काही पाहिले. दाह उत्पन्न केल्यावर या हुशार प्राण्यांना होणारी वेदना सामान्य माऊसपेक्षा अधिक रेंगाळत होती. तीव्र पण क्षणिक वेदना इतरांइतकीच. टिकून राहणारी मात्र जास्त. हे वेदनेचे वाढणे की वेदना अधिक चांगली लक्षात राहणे, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. आमच्यासारख्या सामान्य वाचकाला त्या वादात पडण्याची गरज वाटली नाही. ज्या दाराने धडा आत येतो त्याच दाराने दुखणेही आत येते, एवढे समजले.

याच नकाशावर उलटी वाटही आहे. १९९४ साली लॅरी केहिल, मॅगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना, ॲड्रेनलिनला अडविणारे प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरचे औषध देऊन, एका मुलाच्या भीषण अपघाताची गोष्ट दाखविली. आठवड्याने विचारले असता त्यांना गोष्टीचा साधा भाग इतरांइतकाच आठवला. काळीज हलविणारा भाग मात्र इतरांइतका ठळक राहिला नव्हता.

आता जे सांगावयाचे ते आमच्या घरचे आहे. आमच्या आईला अखेरच्या वर्षांत विसर पडू लागला. ती गावी, आमच्या थोरल्या भावाकडे असे. आरंभी चुलीवरचे भांडे विसरे, मग वार विसरू लागली, मग आम्हांला ‘फादर, बसा’ असे परक्यासारखे म्हणू लागली. आमचा धाकटा भाऊ १९८१च्या पावसाळ्यात विषमज्वराने गेला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आईला त्याचे जाणे आठवेना. तिन्हीसांजा झाल्या की ती ओट्यावर येऊन विचारी, “धाकटा आला का रे शाळेतून?” वहिनी म्हणत, “येईल हं आई, वाटेत असेल.” मग ती निवांत बसे.

डॉक्टरांनी डोनेपेझिल सुरू केले. या औषधाची जन्मकथाही प्राण्यांशीच बांधलेली आहे, आणि तीत आपल्या परसातील दुसरी एक वनस्पती येते : धोतरा. धोतऱ्याने माणसाचे भान जाते हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गार्सिया द ओर्ता यांनी गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात, दासीने मालकिणीला धोतरा घालून दागिने लांबविल्याची हकीकत येते. धोतऱ्यात असणारे स्कोपोलामीन हे द्रव्य ॲसिटिलकोलीन या मेंदूतील दूताची वाट अडविते. तरुण माणसांना ते दिले असता त्यांची स्मृती काही काळ म्हाताऱ्या माणसासारखी होते, हे १९७४ साली दाखविले गेले. मग प्रयोगशाळांनी रॅटला स्कोपोलामीन देऊन विसराळू करावयाचे आणि त्याची आठवण परत आणणारे द्रव्य शोधावयाचे, असा मार्ग धरला. जपानमध्ये हाचिरो सुगिमोतो यांच्या चमूने शोधलेले डोनेपेझिल त्या दूताचा नाश रोखून धरते. १९९६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुगिमोतो यांच्या स्वतःच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता, हे पुढे वाचनात आले तेव्हा त्या अनोळखी माणसाविषयी एकदम जवळीक वाटली. हे औषध रोग थांबवीत नाही. काहींना काही काळ थोडा आधार देते, काहींना तोही नाही.

आईला तो मिळाला. दुसऱ्या महिन्यात तिने आम्हांला नावाने हाक मारली. जपमाळेची रहस्ये ती न चुकता सांगू लागली, केळीच्या लोंगराला काय भाव आला ते भावाला विचारू लागली. गोळीमुळे की रोगाच्या चढउतारामुळे, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. आणि एका संध्याकाळी ओट्यावर ती म्हणाली, “धाकटा गेला ना रे? आपणच पुरला त्याला.” मग ती रडली. १९८१ साली रडली होती तशीच रडली. ते एका संध्याकाळचे राहिले नाही.

भाऊ म्हणाला, गोळी बंद करू या. निदान तिला ठाऊक नव्हते तेव्हा ती सुखी होती. वहिनींचे म्हणणे वेगळे होते. त्या म्हणाल्या, “आई आता आपल्या हाताने जेवतात. मला ओळखतात. रडतात त्याही आईच आहेत.” निर्णय आमच्यावर आला. आम्ही वहिनींच्या बाजूने कौल दिला, आणि आजही देऊ. मुलाचा मृत्यू विसरलेली आई शांत दिसत होती, पण ती शांतता तिची नव्हती. दुःख मात्र तिचे होते, तिने चाळीस वर्षे सांभाळलेले. आठ महिन्यांनी ते तिच्या हातून पुन्हा निसटले. ती पुन्हा ओट्यावर येऊन बसू लागली.

म्हणूनच, स्मृती हरवलेल्यांसाठी चाललेल्या शोधाकडे आम्ही आदराने पाहतो. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत पेटर वाल्टर आणि कार्मेला सिद्राउस्की यांना इस्रिब नावाचे द्रव्य सापडले. ते दिलेले माऊस हौदातील चौथरा लवकर शोधू लागले. २०२० साली, केवळ काही मात्रा दिल्यावर म्हाताऱ्या माऊसची स्मृती सुधारली असे प्रसिद्ध झाले. माणसाच्या बाबतीत आम्ही टाळ्या राखून ठेवल्या आहेत. कारण वर सांगितलेली यादी.

धडधाकट मुलांसाठी हीच औषधे मागणाऱ्यांविषयी मात्र आमचे मत निराळे आहे. दर वर्षी जानेवारी उजाडला की दहावी-बारावीच्या मुलांच्या माता आमच्याकडे आशीर्वादासाठी येतात, आणि आशीर्वादासोबत सल्लाही मागतात : “फादर, बुद्धीची कुठली गोळी द्यावी?” पुष्कळींनी ब्राह्मीचे सिरप आधीच आणलेले असते. ब्राह्मीला आम्ही नावे ठेवीत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत सिंह आणि धवन यांनी तिचा अर्क रॅटना दिला आणि ते धक्का टाळण्यास लवकर शिकतात, हे १९८२ साली प्रसिद्ध केले. माणसांवरील पुढच्या चाचण्यांत सुमारे तीन महिने घेतल्यावर नव्याने शिकलेले विसरण्याचे प्रमाण थोडे कमी झाल्याचे दिसले. तीन महिने, आणि थोडे. परीक्षेला पंधरा दिवस उरले असता बाटली फोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय आपल्याकडे ब्राह्मी या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती चालतात : पाणथळीत होणारी जाड, बारीक पानांची जलब्राह्मी, जिच्यावर लखनौचे काम झाले ती, आणि गोल पानांचा कारिवणा. बाटलीत कोणती आहे ते निदान वाचून पाहावे.

झोप उडविणाऱ्या आणि लक्ष खिळविणाऱ्या इंग्रजी गोळ्यांचे नाव कॉलेजातील मुलांच्या तोंडी येऊ लागले आहे. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या, आजाऱ्यांच्या गोळ्या आहेत. ज्या मातेच्या मुलाला काही आजार नाही तिला आम्ही सांगतो, त्याला रात्री झोपू द्या. दिवसा शिकलेले झोपेत घट्ट होते. हे अलीकडच्या शास्त्राने उंदरांत आणि माणसांत, दोहोंत पाहिले आहे. सारवलेले अंगण वाळावयास लागते तेवढा वेळ मुलाला आपण देत नाही आणि मग औषध मागतो. काही मातांना हे उत्तर फुकटचे वाटते. फादरांनी काही तरी द्यावे, अशी त्यांची अपेक्षा असते.

त्या मुलीला द्यावयाचे उत्तर अजून राहिलेच होते. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २४१७ आणि २४१८ मध्ये हा विषय येतो. माणसांची शुश्रूषा करण्यास व प्राण वाचविण्यास हातभार लागत असेल आणि वाजवी मर्यादा पाळल्या जात असतील, तर प्राण्यांवरील प्रयोग नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहेत. विनाकारण प्राण्यांना यातना देणे वा मारणे मात्र मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे, असा त्यांचा आशय. आम्ही तिला म्हणालो, “मारणं हेच पाप, असं मी म्हणणार नाही. पण सारा भार ‘वाजवी’ या एका शब्दावर आहे, आणि तो शब्द प्रत्येक उंदरापाशी नव्याने तपासावा लागेल. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यासाठी एक उंदीर वाजवी असेल. पहिल्या नंबरच्या मुलाला आणखी दोन गुण मिळावेत म्हणून तोच उंदीर वाजवी नाही. आणि झोप लागते याचं वाईट वाटतं म्हणालीस ना? ते वाटणं जाऊ देऊ नकोस.”

ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने आम्हांला एक गोष्ट सांगितली, जी आम्हांला ठाऊक नव्हती. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्याच्या १९६०च्या कायद्याखाली आणि १९९८च्या नियमांनुसार, अशा प्रत्येक संस्थेत प्राण्यांच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती असते. तीत शास्त्रज्ञांबरोबर, शास्त्रज्ञ नसलेला परंतु समाजाची जाण असलेला एक सदस्यही बसतो. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी १९५९ साली मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे प्राण्यांऐवजी दुसरे काही चालेल का, कमी प्राण्यांत भागेल का, यातना कमी करता येतील का, ही त्या समितीने विचारावयाची असते. तिच्या संस्थेत ती खुर्ची एका निवृत्त शाळामास्तरांकडे आहे. मास्तरांना रसायने कळत नाहीत; ते प्रत्येक अर्जावर एवढेच विचारतात, “हे औषध कोणासाठी?” आणि “इतके उंदीर कशाला?”

तिच्या अखेरच्या प्रयोगाचा अर्ज ७२ रॅटचा होता. मास्तरांनी विचारले तेव्हा तिला तीन महिने मागचे निबंध चाळावे लागले. त्यांपैकी एका गटाचे काम दुसऱ्या प्रयोगशाळेने आधीच करून, आकड्यांसह प्रसिद्ध केलेले होते. तिने तो गट गाळला. गेल्या नाताळात ती घरी आली होती तेव्हा म्हणाली, “अठ्ठेचाळीसच मागवले, फादर.”